जिन्सीची ब्रँच

२ जानेवारी, काक्कनाड

सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाले एकदाची! खिडकीशी जागा, चहाबरोबर गरम पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी. चार वर्षांच्या मालूला पालक्काडला अम्माकडे ठेवून आले, तेवढंच मनाला लागतं. घर मिळालं की आधी तिला आणणार.

आमचे प्रमुख सजीचेट्टन. त्यांनी इथली शिस्त सांगितली: प्रत्येकानं आपापल्या ब्रँचवर, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या प्रतीवर, कोड लिहायचा, चहाआधी मुख्य कोडमध्ये मर्ज करायचा, म्हणजे मिसळायचा. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर कॉम्प्युटर अडून बसतो, कुणाची ठेवू? तेव्हा दोन्ही वाचूनच ठरवायचं. आळस केलास तर तुझी पळमपोरी मी खाणार, म्हणाले.

५ जानेवारी

जिन्सीचं अर्धवट काम माझ्याकडे आलं. ती याच खुर्चीवर बसायची. ऑगस्टमध्ये अपघातात गेली. एकटी होती बिचारी, आईवडील नाहीत, मूलबाळ नाही. तिची ब्रँच मर्ज करताना दोनशे ठिकाणी अडलं. चहा निवत होता. न वाचता एकच कमांड दिली: सगळीकडे तिचंच ठेव. सुरळीत चाललं, मी चहाला गेले.

८ जानेवारी

सजीचेट्टननी हाक मारली, जिन्सी. मी ओ दिली. कुणालाच काही वाटलं नाही. मनगटावर जुना व्रण दिसतोय. माझा नाही.

९ जानेवारी

बदलांची यादी उघडली. सगळीकडे तिचं नाव, माझं, श्रीलेखा, कुठेच नाही. जिथे आम्ही दोघी वेगळ्या, तिथे तिचंच राहतंय. तिला मूल नव्हतं. मग मालू?

अम्माला फोन केला. तिनं विचारलं, कोण आपण? मालूबिलू कुणी नाही हो इथे. पण कुणाची तरी पोर सकाळपासून अंगणात रडतेय, तुमची का?

माझी! ओरडून सांगितलं. निघालेच—

१० जानेवारी

मर्ज उलटवून पाहिला. जमेना. बसमध्ये बसले, मालू, मालू म्हणत. त्रिशूरला उतरले. कशाला आले होते, आठवेना. परत फिरले.

११ जानेवारी

पालक्काडला कुणीतरी— लहान— नाव—

१२ जानेवारी

कामात असताना फोन. कुणी म्हातारी. म्हणे, पोर जेवत नाही, दारातून हलत नाही, येता का न्यायला? मी म्हटलं, राँग नंबर, मला मूल नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, अम्मे!

फोन ठेवला. परत वाजतोय. कुणाची पोर कोण जाणे, पण मला इतकं रडू का—