दोन किलोचं खोटं

मंगळ. ६ मे

गोळ्यांच्या सेंटरातल्या त्या शिष्टरची ही काय बोलायची रीत? भरल्या बाकड्यासमोर म्हणली, "आजी, पोरीला खायला घालता का न्हाई? अठराच किलो! मागच्या बारीपेक्षा कमी." तिथं बसलेले सगळे एचआयव्हीचेच, गोळ्या न्यायला आलेले. तरी असे बघायले जशी मीच पोर खाल्ली.

रेणू सात वर्षांची, माझी नात. आई-बाप ह्याच दुखण्यात गेले. तवापासून बारक्या गोळ्या पाण्यात इरघळून मीच पाजते, एक येळ चुकली न्हाई. आन मलाच इचारती.

ही वही सेंटरानंच दिली, गोळीची येळ लिहायला. जागा लई उरती. शिव्या पण मावतील.

बुध. ७ मे

काल एक लिहिलं न्हाई. शिष्टर खोटं बोलली न्हाई.

रेणूचं ताट येगळं हाय. धाकटी सून मंदा म्हणली, "आत्या, माझी बी लेकरं हायत. येगळं ठिवा." एका ताटात जेवल्यानं हे दुखणं लागत न्हाई, डॉक्टरीणबाई सांगून थकली. मला ठाव हाय. तरी ठेवलं. सगळं घर चुलीपाशी बसतं, पोर दारात. एक भाकर खाती, दुसरी मागत न्हाई. मी पण इचारत न्हाई, इचारलं की मंदाचं तोंड...

दुसऱ्याला कुचकं बोलायला मी वाघीण. घरात शेळी.

मंगळ. ३ जून

सेंटरची पाळी. भाजीबाजाराच्या तागडीतली किलोकिलोची दोन मापं फडक्यात गुंडाळली, रेणूच्या परकराखाली कंबरेला बांधली.

"कावून गं आजी?"

"गप. शिष्टरनं परत बोलू नये म्हणून."

काटा वीसच्या वर गेला. शिष्टर हसली, आकडा कंप्युटरात घातला. डॉक्टरीणबाईनं पडदा बघितला. "अरे वा! वजनावरून कंप्युटर डोस दाखवतो आजी. वीसच्या वर म्हणजे मोठी गोळी. इरघळायची कटकट गेली. जेवण कसं हाय हिचं?"

"झकास," म्हणले मी.

मग डॉक्टरीणबाई बाकड्याकडं वळून म्हणली, "ह्या आजीकडून शिका जरा." मी पदर तोंडाला लावला. बायांना वाटलं म्हातारी लाजली.

बाजारात एवढी वर्षं बसले, गिऱ्हाइकाच्या मापात पाप केलं न्हाई. आज केलं, ते बी घरच्या लेकरापायी न्हाई, माझ्या नाकापायी. मापं सोडून पिशवीत घातली, माजलगावची एस.टी. धरली.

शुक्र. ६ जून

मोठी गोळी चालू. रेणू दोनदा ओकली. डोकं गरगरतं म्हणती. मंदा म्हणली, "उन्हाचं असंल, ताक पाजा." पाजलं. ऊन न्हाई ते.

सोम. ९ जून

परत ओकली. वाटलं गोळी अर्धी मोडून द्यावी. हातात घेतली, मोडली न्हाई. एक डोस मी आधीच ठरवून बसले, आता दुसरा कशाला?

शिष्टरला फोन लावला. चांगली बोलली. "उद्याच आणा आजी. पण डोस तर वजनाला बरोबर दिसतोय कंप्युटरात. वजन बरोबर होतं ना?"

"होतं."

फोन ठेवल्यावर तोंड धुतलं. काय निघतंय त्यानं.

मापं बांधली तर गोळी हीच. न्हाई बांधली तर सात दिवसांत दोन किलो उतरलेलं दिसणार. डॉक्टरीण म्हणणार औषध लागू पडंना. बाकड्यावरल्या एका बाईच्या लेकाचं तसंच झालतं. रक्त तपासलं, औषध बदललं. कंप्युटर बापडा काय करणार? त्याला मी जे दिलं तेच त्यानं खाल्लं.

मंगळ. १० जून, सकाळ

वेणी घालायला बोलावलं तर रेणू फडकं आन मापं घिऊनच आली.

"बांध आजी. मी न्हाई सांगणार. डॉक्टरनं लईच इचारलं तर म्हणीन, मीच जेवत न्हाई, आजी लई देती."

सात वर्षांची पोर. खोटं कुठं शिकली इचारायची सोय न्हाई.

मापं तागडीत नेऊन टाकली. पण ताटाचं मंदाला अजून बोलले न्हाई. सकाळची भाकर पोरीनं दारातच खाल्ली. लिहायला हात धजतो, बोलायला जीभ न्हाई. सेंटरात गेल्यावर जीभ उचलंल का, ते बी ठाव न्हाई.

गाडीची येळ झाली. वही संगं घेते. तोंड न्हाईच फुटलं तर हीच डॉक्टरीणबाईच्या टेबलावर ठेवीन, म्हणून इथंच लिहिते. काट्यावर पोर उभी राहील. वजन कावून उतरलं ते तिला कुणी इचारायचं न्हाई, शिष्टरनं न्हाई, डॉक्टरीणबाईनं बी न्हाई. जबाब मी द्यायचा. मला इचारा.