सोनाबाईच्या रक्तातल्या लाल दाण्यांच्या पेशी

सोलापूर, सोमवार, १४ सप्टेंबर १९३१

अकलूजच्या उसात राबणारी सोनाबाई क्षयाची रोगी म्हणून दवाखान्यात आली. खोकला, धाप, चेहरा पांढराफटक. लागण नको म्हणून तिची चार महिन्यांची मुलगी घरच्यांनी अकलूजलाच जावेकडे ठेवली आहे. बेडका मी तीनदा तपासला, क्षयाचे जंतू नाहीत. तरी मोठे डॉक्टर म्हणाले, क्षयच.

आज तिचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लाल दाण्यांच्या इओसिनोफिल पेशी जिकडेतिकडे! एरवी त्या शोधाव्या लागतात. इतक्या कशा? मग आठवलं, पोटात जंत असले की त्या वाढतात. लगेच मळ तपासला. हूकवर्म जंतांची अंडी! ओल्या रानात अनवाणी राबताना पायांतून शिरले असणार; तेच रक्त पितात, म्हणून ही धाप आणि पांढरा चेहरा. हे आधी का सुचलं नाही मला? ते लाल दाणे अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पाहिलं आणि जंतांचं औषध लिहून दिलं.

सोनाबाईला म्हणालो, "बाई, क्षय नाही. जंत आहेत, औषधानं पडतील."

"मग पोरीला जवळ घिऊ की?"

"घ्या की."

दाराशी बसलेला तिचा नवरा उठला आणि अकलूजची मोटार गाठायला पळतच सुटला.