पोटभर जेवत जा

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

पोट लहान करायच्या ऑपरेशनला आज सहा आठवडे झाले. जखम सुकली, चौदा किलो उतरले, काळजी करू नकोस. पथ्य मी मोडत नाही. एका वेळी अर्धी वाटी, तीही लगदा होईपर्यंत चावून, आणि जेवणाआधी-नंतर अर्धा तास पाणी नाही. काल दोन चमचे जास्त खाल्ले, तर तासभर मोरीत ओकत बसले. ते सोड.

कामावर रुजू झाले. होस्टेलच्या दोनशे मुलींचा स्वयंपाक करते आणि मीठ चाखायला भांडीवाल्या मावशींना हाक मारते. त्या हसतात, "बाई, रांधायचं तुम्ही आणि चव सांगायची आम्ही होय?"

दादाचे गुडघे कसे आहेत? वजन उतरव म्हणून त्याला कुणी सांगितलं का? की तो अजून 'खात्यापित्या घरचा'च? अंग दोघांचं सारखंच होतं, पण मी मात्र ढब्बी. त्याला तू आग्रह करकरून वाढायचीस. मी हात पुढे केला की पाहुण्यांसमोर म्हणायचीस, "पुरे आता, दारात अडकशील."

तुझ्या पत्राच्या शेवटी लिहिलंयस, "पोटभर जेवत जा." मी दोनदा वाचलं. अक्षर तुझंच आहे. हे ऐकायला मी इतकी वर्षं तुझ्यासमोर ताट घेऊन बसत होते, आई. पोट होतं तेव्हा म्हणाली नाहीस. ते कापून टाकल्यावर म्हणतेस.

गोळ्या वेळेवर घे.

तुझी, अर्ध्या वाटीत पोट भरणारी,
ढब्बी