बाबांचा लाइनमन

व्हिटबी, मंगळवार, १६ मे २०१७

आज आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमने गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक जुना लाइनमन स्वस्तात घेतला. टीमची फिजिओ म्हणून ‘फिट’ मीच लिहिलं. पण जाताना तो कठडा धरून, तिरका होऊन एकेक पायरी उतरला. मी पाहिलं. बोलले नाही. का?

संध्याकाळी बाबांना फोनवर त्या लाइनमनच्या गुडघ्याबद्दल सांगत होते. ते वसईत जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेले; त्यांना लाइनमन तेवढाच माहीत. म्हणाले, “असल्या गुडघ्याने खांबावर चढवणार त्याला?”

“नाही हो बाबा, हा खेळातला. अंगावर धावून येणाऱ्यांना अडवायचं.”

बाबा म्हणाले, “मग खांब बरा की गं. तो अंगावर येत नाही.”

कठडा किती घट्ट धरला होता त्याने. ‘फिट’ कुणी लिहिलं, हे बाबांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.