ओसाड गावातलं वाळवण

मंगळवार, संध्याकाळ. क्रेगीबर्न.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज आमच्या मदतसंस्थेच्या मीटिंगमध्ये, अहवाल लिहिणाऱ्या ब्रेटने इंडोनेशियाच्या डोंगरातल्या त्या गावाचा फोटो दाखवला. बंद दारं, चिटपाखरू नाही, अंगणात चटयांवर वाळत पसरलेल्या कॉफीच्या बिया. म्हणाला, "हे गाव संपलंय. पोरं सोडून गेली. पाण्याची लाइन टाकायची कुणासाठी?"

अरे, मग ती कॉफी काय वाऱ्याने आणून पसरली?

मी म्हटलं, "तू बुधवारी दुपारी गेलास. तेव्हा मोठी माणसं मळ्यात असतात. मुलं शाळेसाठी आठवडाभर खालच्या गावात राहतात, शनिवारी डोंगर चढून घरी येतात. रविवारी मिस्साला जाऊन बघ, चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते." मी राहिलेय तिथे, रोसाच्या घरी. तिची मुलगी शहरात नर्सिंग शिकतेय. म्हणते, पाणी आलं तर गावातच दवाखाना काढेन. पाणी आलं तर!

ब्रेट हसला. "नो वरीज, तुझं म्हणणं अहवालाच्या तळटीपेत घालतो."

तळटीपेत! त्या पोरीचं अख्खं आयुष्य तळटीपेत? आणि ती कॉफी... आमच्या वसईत बोंबील वाळत टाकून गाव सोडून गेलंय का कधी कोणी?

उद्या दुपारी ब्रेटला इथे क्रेगीबर्नला, आमच्या गल्लीत आणते. सगळे कामावर, मुलं शाळेत, दारं बंद. काढ म्हणावं फोटो, आणि तोड आमचेही नळ.