कोणीच न सोडलेलं गाव

३ फेब्रुवारी, सोमवार

मार्चअखेर! घरमालक आज दारातूनच सांगून गेला. इमारत पाडायची आहे, खोल्या रिकाम्या करा. आई म्हणाली, "निदान चहा तरी घ्या." तर म्हणाला, "अजून अकरा दारं बाकी आहेत, आजी."

हिला सातवा महिना. आईचे गुडघे. माझ्याकडे आठ आठवडे.

पुन्हा भाड्याने नको. स्वतःचं घ्यायचं. शहरात आपल्याला झेपणार नाही, म्हणजे बाहेरचं एखादं गाव. पण कोणतं? घर म्हणजे शर्ट नव्हे, घट्ट झाला की बदलायला.

४ फेब्रुवारी

वही काढली. लोकांचं सामान हलवायचं काम करतो त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक घर लिहून ठेवलंय : तारीख, कोण, कुठून निघाले, का निघाले. कोणी सांगितलं नव्हतं. नववीत शाळा सुटली, पण लिहायची सवय सुटली नाही. खोक्यांवरची नावंसुद्धा मीच घालतो. दुसऱ्यांनी घातलेली मला बघवत नाहीत.

आज वाटलं, ही वही याच दिवसासाठी होती. लोक घर का घेतात ते दलालाला माहीत. का सोडतात ते आम्हाला! कपाट रिकामं करताना माणूस खरं बोलतो.

५ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत मोजत बसलो. तीन वर्षांत चारशे अकरा घरं. जंक्शनच्या गावातून त्रेसष्ट. बहुतेक कारण पाणी. तळ्याच्या गावातून अडतीस. डास, ओल, आणि एक जण भावाशी भांडून.

उंट खांद्यावरून डोकावला. उंट म्हणजे माझा जोडीदार. मान लांब, चालही तशीच, आणि तहान लागली तरी पाणी मागणार नाही. म्हणाला, "यात सासूमुळे किती?" मी म्हटलं, सतरा. "फक्त सतरा? बाकीचे खोटं बोललेत. मी सासरीच राहतो, मला विचार." त्याच्या दोन मुली, बायको आणि तो, सासऱ्यांच्या मागच्या खोलीत आहेत. सहा वर्षं झाली. त्यावरून तो स्वतःच इतकी थट्टा करतो, की दुसऱ्याला जागाच ठेवत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टेकडीचं गाव – शून्य!

दोनदा तपासलं. मग तिसऱ्यांदा, उलट्या बाजूने. चारशे अकरात एकही घर टेकडीच्या गावातून निघालेलं नाही. तिथे साडेतीनशे-चारशे घरं तरी असतील. बसने पाऊण तास. आणि तीन वर्षांत कोणालाही तिथून निघावंसं वाटलं नाही!

हिला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं सुख कुठे असतं का, अहो?" पण हसत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

तिघंही जाऊन आलो. आईने निघतानाच बजावलं, "जिना मोज. माझे गुडघे मोजून झालेत."

जिना नाहीच! बैठं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळवायला जागा. रिकामंच होतं. भिंतींना नवा रंग, खाली नवी फरशी. मी टेप काढून सगळी दारं मोजली. आपलं कपाट आडवं न करता आत जाईल. आई मागच्या ओट्यावर बसली ती उठेचना. ही खिडक्या उघडून-लावून बघत होती. एक घट्ट होती. दलाल म्हणाला, "रंगामुळे हो, साहेब." जन्मात पहिल्यांदा कोणी मला साहेब म्हणालं.

मी विचारलं, टेकडीखाली खाण होती ना? "होती. बंद होऊन तीस वर्षं झाली. आता ना धूर, ना भोंगा. हवा बघा!" हवा खरंच चांगली होती.

गल्ली स्वच्छ. दोघी-तिघी दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. बोलल्या नाहीत. मला वाटलं, बुजऱ्या असतील.

१० फेब्रुवारी

साठेखत शुक्रवारी, २१ तारखेला. दलालाला घाई आहे. मलाही आहे, पण मी तसं दाखवलं नाही.

कामावरच्या मालकांना कळलं. ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले, "वहीवाल्याने शोधलंय म्हणजे बघायला नको." ड्रायव्हरनेसुद्धा विचारलं, माझ्या मेव्हण्यासाठी एखादं गाव बघतोस का? दिवसभर ताठ चाललो. कपाट उचलतानासुद्धा!

उंट मात्र थट्टा न करता बरंच विचारत होता. शाळा किती लांब? शेजारचं घर कसं आहे? रिकामं आहे का? मी सगळं सांगितलं. सांगायला आवडत होतं.

१४ फेब्रुवारी

हिने दवाखान्यातली नोकरी सोडल्याचं पत्र दिलं. पाच वर्षं औषधाच्या खिडकीत बसत होती. तिथून रोजचं येणं-जाणं तान्ह्या बाळाला घेऊन जमणार नाही. पत्र मी दोनदा वाचून दिलं. चूक एकही नव्हती. ती म्हणाली, "माझं काम झालं. आता तुमच्यावर."

"तुमच्यावर" म्हणाली. दिवसभर तेच डोक्यात.

१८ फेब्रुवारी

मालकांनी उद्याचं काम सांगितलं. मी वाकून कागद पुन्हा बघितला. टेकडीचं गाव! एक माणूस, थोडं सामान, म्हणून मी आणि ड्रायव्हर दोघंच. उंट दुसऱ्या गाडीवर.

शून्याचा एक झाला. हरकत नाही. एकाने काय होतं. कोणाच्या तरी मुलाची बदली झाली असेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज नीट लिहितो. नीट लिहिलं तर नीट कळेल.

निवृत्त मास्तर. एकटेच. घर आमच्या घराच्या पुढच्याच गल्लीत. ड्रायव्हर गाडीत बसून राहिला. मी कपाटाला हात घालण्यापूर्वी खाली बघितलं. बघावंच लागतं, पायाखाली काही असेल तर उचलताना अडकतं. पूर्वेकडच्या दोन्ही पायांखाली लाकडी ठोकळे. वाटलं, जुनी फरशी. मग पलंग. पूर्वेकडेच ठोकळे. मग टेबल. मग स्वयंपाकघरातली फळीसुद्धा.

एका खोलीत एक वस्तू डुगडुगली तर ती वस्तू वाकडी. सगळ्या वस्तूंना एकाच बाजूला टेकण लागत असेल तर –

मी मास्तरांकडे बघितलं. ते म्हणाले, "तू पहिलाच, ज्याने विचारायच्या आधी ओळखलं." मग सांगितलं. खाली सगळं पोकळ आहे. खाणीतलं पाणी उपसत होते तोवर ठीक होतं. उपसा थांबला, पाणी भरलं, जमीन बसायला लागली. पहिल्या वर्षी कपाटाच्या पायाखाली पोस्टकार्ड पुरेसं झालं. मग काडेपेटीचा पुठ्ठा. मग वहीची पाठ. आता ठोकळे. "दर वर्षी जाडी वाढवतो. वाढदिवसासारखं!" आणि हसले. मला हसता आलं नाही.

मी विचारलं, मग लोक सोडून का जात नाहीत?

"जायचं कशावर? घर विकलं तर दुसरं घेणार ना! इथलं घर घेतो कोण? माहीत असलेला घेत नाही, नसलेल्याला शोधावं लागतं. मी विकलं नाही. कुलूप लावून लेकीकडे चाललो."

नसलेल्याला शोधावं लागतं.

दलालाला मला शोधावं लागलंच नाही. मी माझ्या पायाने गेलो. टेप घेऊन!

२० फेब्रुवारी

अर्धा दिवस रजा. दलालाकडून किल्ली घेतली, म्हटलं पडद्यांची मापं घ्यायचीत. ताट आणि पाण्याची बाटली पिशवीत नेली होती. मधल्या खोलीत ताट ठेवून पाणी ओतलं. पूर्वेच्या कडेवरून सांडायला लागलं, पश्चिमेची कड कोरडी. दुसऱ्या खोलीत तेच. खिडकी घट्ट होती ती रंगाने नव्हे. चौकट वाकलीय.

शेजारच्या रिकाम्या घराच्या खिडकीतून आत डोकावलो. तिथेही नवा रंग, नवी फरशी.

किल्ली परत देताना दलालाला विचारलं. म्हणाला, "साहेब, बोटभर कल कुठल्या घराला नसतो?" मी म्हटलं, उद्या सही होणार नाही. त्याचा आवाज बदलला. "बघा. गिऱ्हाईक दारात उभं आहे." साहेब गेलं!

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. आई झोपली होती दुपारची. ही ओरडली नाही. मग एकच विचारलं, "अहो, तीन वर्षांत तिथे कोणाचं सामान उतरवायला गेला होतात?"

एकदाही नाही.

वहीत "कुठून" आहे, "का" आहे. "कुठे" हा रकानाच नाही! तिथून कोणी निघालं नाही तसं तिथे कोणी गेलंही नाही. चारशे अकरा घरांत कोणीही. हे मला दिसलं नाही, आणि औषधाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला एका प्रश्नात दिसलं.

२१ फेब्रुवारी

सही केली नाही. दलालाचे सहा फोन.

आईला सांगावंच लागलं. म्हणाली, "ओटा छान होता रे." एवढंच. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

जंक्शनच्या गावात दोन भाड्याच्या खोल्या बघितल्या. पाणी एक दिवसाआड. ज्या गावातून मी त्रेसष्ट घरं बाहेर काढली, तिथे स्वतः चाललोय! आईला दोन जिने चढताना धरलं. ती वर पोचल्यावर म्हणाली, "चांगलंय." श्वास पुरत नव्हता तिला.

हिने विचारलं, "कामावर सांगितलंत ना सगळ्यांना?"

म्हटलं, सांगतो.

२४ फेब्रुवारी

सांगितलं नाही. सकाळी मालक एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्याकडे एक पोरगा आहे, गावांची कुंडली आहे त्याच्याकडे." माझ्याकडे बोट केलं. त्यांच्यासमोर काय सांगणार होतो? कुंडली उलटी धरली होती म्हणून?

हिने पुन्हा विचारलं. मी चिडलो. ती म्हणाली, "तुमची लाज तुमच्याजवळ ठेवा. पण त्या ड्रायव्हरला मेव्हणा आहे." मग जेवलीच नाही. सातव्या महिन्यात! आता आठवा लागेल.

२५ फेब्रुवारी

ड्रायव्हरला बाजूला घेऊन म्हटलं, मेव्हण्यासाठी टेकडीच्या गावात बघू नकोस. तो म्हणाला, त्याला परदेशात नोकरी लागली, घर नकोच आहे आता. का, ते विचारलंही नाही त्याने. सुटलो! एकाला सांगितलं. आता बाकीच्यांना सांगायची घाई नाही. हळूहळू सांगू.

हिला म्हटलं, सांगितलं. तिने बघितलं माझ्याकडे. पुढे विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चौथ्या मजल्यावरचं सामान. लिफ्ट बंद. दुपारी मी आणि उंट पायरीवर बसून जेवलो. त्याने विचारलं, "झालं का रे तुझं साठेखत?"

मी म्हटलं, पुढे गेलंय जरा.

खोटं नाही. खरंही नाही.

तो म्हणाला, "होईल. तू कशाला काळजी करतोस, तू तर शंभर वेळा मोजलंयस." मग आपल्या डब्यातलं अर्धं माझ्या डब्यात घातलं. आज खुशीत होता. शीळ घालत होता. विचारलं तर म्हणाला, "उद्या रजा आहे. सासऱ्यांचं काम." आणि डोळा मारला.

तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. पण तेवढ्यात वरून हाक आली, फ्रीज धरायला. आम्ही उठलो.

२८ फेब्रुवारी

भाड्याच्या खोल्या पक्क्या केल्या. हिने दवाखान्यात विचारून पाहिलं. तिच्या जागी दुसरी मुलगी आली आहे.

उंट दोन दिवस कामावर नाही.

१ मार्च, शनिवार

उंट मालकांच्या टेबलावर किल्ली ठेवून सगळ्यांना दाखवत होता. टेकडीचं गाव. आम्ही नाकारलेल्या घराच्या शेजारचं, भिंतीला भिंत. सासऱ्यांनी आपलं घर विकून पैसे दिले. आता सहाही जण तिकडेच. मला मिठी मारून म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून रे! नाहीतर आमच्यासारख्याला कोण सांगतं?"

मी विचारलं, खरेदीखत कधी झालं?

गुरुवारी सकाळी, म्हणाला. बुधवारी दुपारी आम्ही एका पायरीवर बसलो होतो.