काकूची नाइट

४ मार्च
साहेबांनी आज मला लॉन्ड्रीच्या ऑफिसात खुर्चीवर बसवलं! चादरी मोजायचं काम बंद. "तुझी बोटं मोबाइलवर भराभर चालतात. सगळ्यांच्या शिफ्ट या सॉफ्टवेअरमध्ये भर."
शाळा सुटली तेव्हा कॉम्प्युटरचा तासही सुटला, हे सांगायचं होतं. नुसती मान हलवली. नेहमीसारखी.

६ मार्च
नाव टाकायचं, शिफ्ट निवडायची, पगार आपोआप लागतो. आतापर्यंत बायका चहा पिताना आपसातच ठरवायच्या – तू डे घे, मी नाइट घेते.
इस्त्रीवाली काकू मुलाचं लग्न झाल्यापासून कायम नाइट. "मी घुबड आहे गं," म्हणते. माझा हात भाजला तेव्हा तिनंच नळाखाली धरून ठेवला होता, वर शिव्याही घातल्या. जागून लाल झालेले तिचे डोळे बघवत नाहीत.
तिला डे टाकली. गुपचूप. खूश होईल!

९ मार्च
साहेबांनी बटण दाबलं. सगळ्यांच्या मोबाइलवर शिफ्ट गेल्या.
काकू दारात. "माझी नाइट कुठं गेली?"
म्हटलं, तुम्हाला जरा आराम...
"मी मागितला होता?" मग एकदम मऊ झाली. "बदल ना बाळा. तुझ्याच हातात आहे ना."
बदलायला गेले तर कुलपाचं चित्र. साहेब म्हणाले, "लॉक झालं. आता फक्त हेड ऑफिस." काकू गेल्यावर हसले – "डे दिली तरी रडतात या बायका."
चूक माझी आहे, एवढंच बोलायचं होतं. मी स्क्रीनच पुसत बसले.

१० मार्च
हेड ऑफिसला फोन लावला. "बोला" ऐकू आलं. मी ठेवून दिला.

११ मार्च
परत लावला. बोलले! त्यांनी विचारलं, कारण काय?
काकूकडे पळत गेले. "कारण कसलं? सवय आहे."
परत फोन केला. सवय हे कारण चालत नाही म्हणे. जूनमध्ये बघू.

१४ मार्च
काकूनं चादर जाळली. उभ्या उभ्या डुलकी लागली. डे असून डोळे आधीपेक्षा लाल!
वॉचमन सांगत होता, ती रोज रात्री येते. गेटच्या मशीनवर अंगठा लावते. ज्याची शिफ्ट नाही त्याला मशीन आत घेत नाही. "मग बसते बाहेर बाकावर. माझं पोट या गेटवर आहे, मी काय करू?"
आई म्हणाली, विचार तिला. सोपं आहे म्हणे.

१६ मार्च
काकू डबा विसरली होती. संध्याकाळी घरी द्यायला गेले. एकच खोली. मधे दोरीवर पडदा, पलीकडे पलंग, मुलगा आणि सून. काकू चपला घालत होती, हातात कामाची पिशवी.
गल्लीत विचारलंच. काकू, निघालात कुठं? आता तुमची डे आहे ना?
"हळू बोल. रात्री खोली त्यांची. दिवसा ती दोघं कामाला जायची, तेव्हा मी झोपायचे." पिशवी खांद्यावर घेतली. "पोरांना वाटतंय, माझी अजून नाइटच आहे."